चढावर बसलेली सीट

१

सीट एका दणक्यात खाली गेली असती तर पोरगी पडली असती, रुग्णवाहिका आली असती आणि प्रकरण डॉक्टरांकडे गेलं असतं. ती हळूहळू खाली बसत गेली, म्हणून प्रकरण पंचांकडे आलं.

मी हे सगळं मागून पाहिलं. शर्यतीत सगळ्यांच्या मागे काचेवर झाडूचं चित्र असलेली एक गाडी असते, ती माझी. थकलेल्या, पडलेल्या, रुसलेल्या सायकलवाल्यांना गोळा करून शेवटच्या रेषेपर्यंत आणायचं काम. झाडूगाडी म्हणतात तिला. मागे राहून माणूस काय काय पाहतो म्हणून सांगू! एका शर्यतीत समोरून असा वारा होता की शर्यत संपली तेव्हा सगळ्याजणी सुरुवातीच्या रेषेच्याही मागे होत्या. जी कमीत कमी मागे गेली तिला बक्षीस दिलं. दुसऱ्या एका शर्यतीत एक पोरगी उतारावर अशी सुटली की तिची सावली वळणावरच राहिली. मी ती उचलून मागच्या बाकावर बसवली आणि तिची तिला पोचती केली. हे खरं मानलं नाहीत तरी चालेल. पुढचं मात्र खरं आहे, आणि त्याचं मला जरा वाईटच वाटतं. खऱ्या गोष्टीत हात मोकळा राहत नाही.

तर बायकांची रस्त्यावरची शर्यत. गावातून निघायचं, डोंगर चढायचा, पलीकडे उतरून वळसा घालून परत यायचं. पहिली येईल तिला देशाच्या संघात जागा. जागा एकच होती आणि ती कुणाची हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं: घारीची. उंच, अबोल पोरगी. चढावर तिने मागे वळून पाहिलं की बाकीच्यांचे पाय आपोआप जड व्हायचे. तिच्याच संघात चिमणी होती. चिमणीचं काम एवढंच की घारीच्या पुढे राहून वारा कापायचा, चढ आला की बाजूला व्हायचं आणि घारीला मोकळं सोडायचं. संघाच्या सायकली सांभाळायचा तो मेकॅनिक चिमणीचा सख्खा मामा, म्हणून सगळा संघच त्याला मामा म्हणायचा.

आणि घारीचे वडील, अण्णा. आयुष्यभर सायकलचं दुकान चालवलेला माणूस. खिशात फडकं, चिकटपट्टी आणि ग्रीसचा छोटा डबा कायमचा. सकाळी सुरुवातीच्या मैदानात माझ्या गाडीचं सरकतं दार नेहमीसारखं किंचाळलं, तर अण्णा तिथूनच ओरडले, "अहो, गाडी आहे का डुक्कर?" मी काही बोलायच्या आत त्यांनी दाराच्या पट्टीत बोट फिरवलं, पुसलं, दार दोनदा सरकवलं. आवाज बंद. जाता जाता झाडूच्या चित्राचा सुटलेला कोपराही काळ्या पट्टीने चिकटवून टाकला.

"माझ्या हाताखालून गेलेली वस्तू रस्त्यात रडत नाही," म्हणाले.

डोंगराचा चढ लागला आणि अर्ध्यावर मला पुढे एकटी सायकल दिसली. घार! घोळका तिला टाकून कधीच वर गेला होता. आधी मला वाटलं पोरगी आजारी पडली. मग पाहिलं तर तिचे गुडघे फार वर येत होते. थोड्या वेळाने आणखी वर. टोळासारखे. नळीत बसवलेली सीटची दांडी तिच्या वजनाने इंच इंच आत सरकत होती. मामाची गाडी उलटी आली, त्याने दांडी वर ओढली, फडक्याने पुसली, बोल्ट आवळला, पोरीला ढकलून लावलं. पुढच्या वळणापर्यंत सीट पुन्हा खाली.

"गाडीवरची सुटी सायकल दे की तिला!" मी ओरडलो.

"आहे कुठे? चिमणीच्या गिअरची तार पायथ्यालाच तुटली. ती घेऊन गेली!"

मी घारीच्या बाजूला गाडी घेतली. दार उघडलं. "ये बाळ, बस."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उभ्यानेच पाय मारत ती शेवटपर्यंत गेली. आम्ही दोघं पोचलो तेव्हा चिमणीला जिंकून बराच वेळ झाला होता.

अण्णांनी सीटकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे ओरडून सगळ्या मैदानाला सांगितलं, "बोल्ट सैल केलाय! मामा-भाचीने मिळून माझ्या पोरीचा गळा कापलाय!"

तिथून ते तडक पंचांकडे गेले.

२

मुख्य पंच एक बाई होत्या. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, आणि माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाऐवजी हातांकडे बघायची सवय. त्यांचं ऑफिस म्हणजे मैदानाशेजारच्या शाळेचा पहिलीचा वर्ग. त्यांनी मला बोलावलं.

"काका, सगळा चढ तुम्ही तिच्या मागे होतात. काय पाहिलंत ते सांगा. थापा वगळून."

"मग फार थोडं उरेल."

"तेवढंच हवंय."

मी सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि घारीची सायकल टेबलाला टेकवली. काळी कुळकुळीत, कार्बनची, एका बोटाने उचलावी इतकी हलकी. संघाने याच मोसमात दिलेली. बाईंनी पाना लावून बोल्ट हलवून पाहिला. "घट्ट आहे. जितका हवा तितका. पायथ्याशी शर्यत थांबवून तपासला असता तरी कुणाला दोष सापडला नसता."

मग त्यांनी बोल्ट सोडला, सीटची दांडी नळीतून उपसून काढली आणि आत बोट घातलं. बोट हिरवं होऊन बाहेर आलं.

"ग्रीस," मी म्हणालो.

"पुसून पुसूनसुद्धा एवढं उरलंय. हे तुमच्या-माझ्यात राहू दे." बाई दांडी उजेडात फिरवत राहिल्या. सीटची उंची कळावी म्हणून दांडीवर चिकटपट्टीचा वेढा असतो. तो काळा, कोरा, कात्रीने कापल्यासारखा सरळ. सीटच्या खालची बाजू, जिथे कुणी कधी बघत नाही, तीही स्वच्छ पुसलेली. बाई तिथे फार वेळ बघत बसल्या. मला काही कळेना. घाण असती तर बघायला काहीतरी असतं.

"बक्षीस समारंभाच्या आत निकाल द्यायचाय," त्या म्हणाल्या. "तक्रार खरी ठरली तर चिमणीचं नाव कापायचं, संघातली जागा गेली, आणि मामा पुन्हा कुठल्याच शर्यतीत सायकलला हात लावणार नाही. खोटी ठरली तर कुणाची तरी जीभ फार लांब झाली होती एवढंच. पाठवा अण्णांना."

पहिलीचा वर्ग, त्यामुळे बाकडी पहिलीतल्या मुलांची. अण्णा बसले तर त्यांचेही गुडघे हनुवटीला लागले. बाईंनी खुर्ची दिली नाही.

"अण्णा, दोघांवर संशय का?"

"का? सरळ आहे! भाची कायम दुसरी. मामाच्या हातात पाना. सुटी सायकल आधीच पळवली, म्हणजे माझी पोर अडकली की सुटका नको. लहान मूलही सांगेल!"

"मामाचं काम कसं आहे?"

"काम? त्याला काम म्हणता? चेनला चिखल, नळीत वाळू, हँडलची पट्टी लोंबतेय. असल्या माणसाच्या हाती पोरींचे जीव! मी या हातांनी हजार सायकली उभ्या केल्या, एकीची तक्रार आली नाही. मी जर या संघात असतो..."

"पण तुम्ही नाही आहात."

"नाही," अण्णा म्हणाले. "आजकाल यांना कॉम्प्युटरवाला मेकॅनिक लागतो."

त्यांना बाहेर सोडून बाईंनी विचारलं, "काका, या बोलण्यात एक गोष्ट विचित्र होती. लक्षात आली?"

"सगळंच विचित्र होतं."

"नाही. एकच." आणि त्यांनी चिमणीला आत बोलावलं.

३

चिमणी आली ती घामाच्या कपड्यांतच. बाकड्यावर ती बरोबर मावली.

"पंचबाई, मी जिंकले याचं कुणाला बरंच वाटत नाहीये. आरशालासुद्धा."

"तार कशी तुटली?"

"मला काय विचारता? तारेला विचारा. सायकल बाहेर आहे."

बाईंनी तारेलाच विचारलं. बाहेर जाऊन टोक बघून आल्या. "एकेक तंतू वेगळ्या उंचीवर तुटलाय. झिजून झिजून. कापलेली तार सरळ रेषेत सुटते. ठीक आहे, तार खरी. मग घार मागे पडली तेव्हा तू थांबली का नाहीस? तुझं काम तेच ना?"

चिमणीने ओठ चावला. "थांबले होते. पहिल्या वळणावर. घारीच्या बाजूला आले, म्हटलं चल, मी ओढते. तर ही म्हणाली, 'जा.' म्हटलं, अगं पण... तर म्हणाली, 'मागे बघितलंस तर तंगडं मोडीन. आपल्यातली एक तरी वर पोचली पाहिजे. जा!'" चिमणीने नाक पुसलं. "मग मी गेले. एवढ्या वर्षांत चढावर सगळ्यांच्या पुढे काय असतं ते मला माहीतच नव्हतं. रस्ता मोकळा असतो हो पुढे."

"हे तू अण्णांना सांगितलंस?"

"अण्णा ऐकून घेतात का कुणाचं?"

"घारीने का नाही सांगितलं?"

"तेच मला कळत नाही. आल्यापासून तोंड शिवल्यासारखी बसलीये. एक शब्द बोलली असती तर मी सुटले असते."

मग मामा. लांबरुंद माणूस, बाकड्यात अडकून बसला. बाई त्याच्या हातांकडे बघत होत्या. हात सारखे उजव्या खिशाकडे जात होते.

"खिशात काय आहे?"

"काही नाही."

"मामा."

मामाने खिशातून फडकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. चढावर त्याने दांडी पुसली होती ते. फडक्यावर हिरवागार पट्टा होता.

४

"म्हणजे ग्रीस आहे हे तुला चढावरच कळलं," बाई म्हणाल्या. "आणि लपवलंस."

"लपवू नको तर काय करू? मी चिमणीचा मामा. डबे माझे, पाने माझे, खोलीची किल्ली माझ्या कमरेला. मी म्हणणार, 'बघा हो, नळीत ग्रीस सापडलं!' आणि लोक म्हणणार, 'तुलाच बरं सापडलं!' वरून मी पुसलं, पण नळीच्या आत तिथे रस्त्यावर काय पोचणार? आणि कार्बनला जोर लावून आवळता येत नाही, फुटतं."

"तुझं ग्रीस कसलं?"

"पांढरं. तेही चेनच्या चाकांना वगैरे. सीटच्या नळीत मी मेलो तरी घालणार नाही."

"का? सगळे घालतात की. मी लहानपणी सायकल चालवायचे, आमचा सायकलवाला घालायचा."

"ती लोखंडाची होती बाई. लोखंडाला ग्रीस नाही लावलं तर गंजून दांडी आत अडकते. कार्बनचं उलटं आहे. ते गंजत नाही, घसरतं. त्याला ही लावतात." त्याने दुसऱ्या खिशातून एक चपटी डबी काढली. आत करडी, खरखरीत पेस्ट होती. "हात लावून बघा. हिच्यातले कण दांडीला धरून ठेवतात."

बाईंनी चिमूटभर घेऊन बोटांत चोळली. चोळताना त्या थांबल्या. पुन्हा चोळली. मग मला बोलावलं आणि माझ्या तळहातावर थोडी टेकवली.

"काका, डोळे मिटा. काय वाटतं?"

"ओली वाळू," मी म्हणालो.

बाईंनी शिट्टी बोटात धरली आणि सोडली. मामाला विचारलं, "उंचीच्या खुणेची तुझी पट्टी कुठल्या रंगाची?"

"लाल. नेहमी लाल." मग त्याने वाकून दांडीकडे पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "ही माझी नाही! काळ्या दांडीवर काळी, लक्षातच आलं नाही."

"सायकल तुझ्या नजरेआड कधी झाली होती?"

"कधीच नाही. म्हणजे काल संध्याकाळी घार पाय मोकळे करायला घेऊन गेली होती, तेवढंच. परत आली तेव्हा सायकल लखलखत होती. मी म्हटलं, पोर गुणाची आहे, स्वतः पुसून आणली."

तेवढ्यात दार न वाजवताच घार आत आली. उभीच राहिली.

"मामांना सोडा," ती म्हणाली. "नळीत ग्रीस मी घातलं."

५

मामा उठू गेला, पण बाकड्याने त्याला सोडलं नाही. बाईंनी त्याला हाताने थांबवलं.

"कुठल्या रंगाचं ग्रीस?"

"हिरवं."

"बरोबर. का घातलंस?"

"मला जायचं नव्हतं देशाच्या संघात. सांगायची हिंमत नव्हती. म्हटलं, सायकलवर ढकलावं."

"ज्या पोरीला हरायचंय ती चढाच्या अर्ध्यावर काकांच्या गाडीत बसते. थंड पाणी मिळतं, मऊ बाक आहे. तू गुडघे कानाला लावून शेवटपर्यंत आलीस." बाई तिच्या हातांकडे बघत होत्या. तळव्यांना फोड आले होते. "बरं, ते जाऊ दे. जुनी पट्टी कुठे टाकलीस?"

"कुठली पट्टी?"

"दांडीवरची. तू बदललीस ती."

घार दांडीकडे बघायला लागली. पट्टीचं तिला माहीतच नव्हतं, हे माझ्याही डोक्यात शिरलं.

"तुला ग्रीस माहीत आहे, कारण तू चढावर मामाच्या फडक्यावर हिरवा पट्टा पाहिलास," बाई म्हणाल्या. "आणि तो हिरवा रंग कुणाचा हे तुला तिथेच कळलं. मामाचा असता तर तू ओरडली असतीस. चिमणीवर संशय असता तर तिला आधीच 'जा' म्हणाली नसतीस. स्वतःच्या जागेपेक्षा तुला जे माणूस जास्त मोलाचं आहे त्याच्यासाठी तू गप्प आहेस. बाई गं, तू गप्प राहिलीस तर त्या माणसाची लाज राहते आणि चिमणीचे वर्षानुवर्षांचे कष्ट फुकट जातात. दोघांना वाचवायला म्हणून स्वतःच्या अंगावर घ्यायला आलीस. पण मी खोट्या कबुलीवर निकाल देत नाही."

घारीच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती फक्त म्हणाली, "तक्रार मागे घेता येणार नाही का? कुणालाच काही न सांगता?"

"तक्रार तुझी नाही. ज्याने केली त्यालाच मागे घेता येते."

बाहेर समारंभाच्या खुर्च्या मांडल्याचा खडखडाट सुरू झाला होता. बाई उठल्या. दाराशी माझ्याजवळ आल्या आणि त्यांची नजर माझ्या हातांवरून वर सरकली. थांबली.

"काका," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुमच्या बाहीवर हा हिरवा डाग कुठला?"

मी बाही पाहिली. गवतासारखा हिरवा, ताजा डाग. देवाशपथ सांगतो, क्षणभर मलाच वाटलं की मीच केलं असावं. आजवर इतक्या थापा मारल्या, त्यातली एखादी माझ्या नकळत खरी झाली असेल!

"गाडीचं दार उघडताना लागला असेल," मी म्हणालो.

"तुमच्या गाडीचं दार? ते तर सगळ्या मैदानाला ऐकू जातं. दिवसभरात मी ते ऐकलं नाही." आणि त्या चालू लागल्या.

६

गाडी शाळेच्या भिंतीलगत उभी होती. बाईंनी सगळ्यांना तिथेच बोलावलं. अण्णा छाती काढून आले, चिमणी आणि मामा एकमेकांना चिकटून, घार सगळ्यांच्या मागे. बाईंनी माझ्या गाडीचं दार सरकवलं. पुन्हा सरकवलं. लोण्यातून सुरी जावी तसं गेलं.

"छान काम आहे," त्या म्हणाल्या.

"माझं आहे," अण्णा म्हणाले. "सकाळी नुसतं केकाटत होतं."

"कशाने मुकं केलंत?"

अण्णांनी डबा काढून झाकण उघडलं. आत हिरवंगार ग्रीस. "घरी बनवतो. बाजारात असलं मिळत नाही."

"आणि हा झाडूचा कोपरा?"

"लोंबत होता. मला लोंबतं बघवत नाही."

"खरंय. अण्णा, मघाशी तुम्ही म्हणालात, मामा नळीत वाळू राहू देतो. चेनचा चिखल बाहेरून दिसतो, हँडलची पट्टी दिसते. नळीतलं दिसायला दांडी उपसावी लागते. कुठल्या सायकलच्या नळीत पाहिलीत वाळू?"

"पंचबाई, बास," घार मागून म्हणाली.

पण अण्णांना कुणी कामाबद्दल विचारलं की ते थांबत नसत. "कुठल्या म्हणजे? हिच्याच! काल संध्याकाळी मला भेटायला आली, खोलीवर जरा पडली, डोळा लागला तिचा. मी म्हटलं, बघू तरी यांची महागाची सायकल. दांडी काढली तर आत ही वाळू! माझ्या दुकानात पोऱ्याने असं केलं असतं तर कान पिळला असता. सगळी धुतली, पुसली, ग्रीस लावलं, फाटकी लाल पट्टी काढून नवी लावली. उंची केसभर हलू दिली नाही. बोल्ट हवा तेवढाच आवळला. सीट खालूनसुद्धा पुसली. हिला सांगितलंही नाही, उगाच शर्यतीच्या आदल्या दिवशी..."

मामा डबी उघडून पुढे आला. अण्णांनी सवयीने बोट बुडवलं आणि चोळलं.

"हीच ती वाळू," ते म्हणाले.

"पेस्ट आहे ती, अण्णा. कार्बनची दांडी धरून ठेवायला लावतात."

"आणि ग्रीस?"

मामाने डबीचं झाकण लावलं.

"ग्रीस लावलं तर काय होतं?" अण्णांनी मामाला विचारलं, पण बघत होते पोरीकडे. मग त्यांनी मांडीएवढ्या उंचीवर हात धरला आणि सावकाश खाली आणला. त्यांचं त्यांनाच उत्तर मिळालं.

बाईंनी बाकीचं कोरड्या आवाजात सांगितलं, पंचांनी निकाल सांगावा तसं. "मी आधी वैरी शोधत होते. पण या सायकलला वैऱ्याने हात लावलाच नव्हता. वैरी उंचीची खूण जपतो, कारण लपायचं असतं. पण तो फाटकी पट्टी बदलत नाही. सीट खालून पुसत नाही. एवढी सेवा करणारा माणूस आपला असतो. त्याला ग्रीस कधी लावावं हे पक्कं माहीत होतं, फक्त ते माहीत असलेलं जग लोखंडाचं होतं."

अण्णांनी डब्याचं झाकण लावलं. नीट बसलं नाही म्हणून काढून पुन्हा लावलं. "तुला माहीत होतं?" त्यांनी घारीला विचारलं.

"चढावर कळलं. फडक्यावर हिरवं दिसलं."

"मग बोलली का नाहीस मला?"

"तुम्ही विचारलंत कुठे, अण्णा? तुम्ही तर तक्रारच करून टाकलीत!"

चिमणी खुदकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. अण्णा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. उंच माणूस, पण त्या वेळी दोघं सारख्याच उंचीचे दिसले मला.

"पोरी, मी तुझं नाव घेतलं."

"ऐकलं मी."

"परत घेतो. तक्रारही."

"घ्या. पण तिकडे, माइकवर घ्या. केली होतीत ती ओरडून केली होतीत. आणि मामाचंही नाव घ्या."

"घेतो," अण्णा म्हणाले.

आणि घेतलं. एवढ्या लोकांसमोर माइकमध्ये वाकून म्हणाले की माझ्या पोरीची सीट मीच खाली बसवली, या मुलीने नव्हे आणि हिच्या मामानेही नव्हे. जिंकली ती स्वतःच्या पायांनी. मग चिमणीला पहिलं बक्षीस मिळालं. शर्यत काही पुन्हा होत नसते. देशाच्या संघातली जागा चिमणीची झाली, आणि सगळ्यात आधी टाळी घारीने वाजवली, फोड आलेल्या हातांनी.

७

गर्दी पांगल्यावर मी गाडी झाडत होतो. अण्णा मागच्या बाकावर येऊन बसले. माझ्या गाडीत स्वतःहून बसलेला त्या दिवसातला एकमेव माणूस. ग्रीसचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला.

"ठेवा तुम्ही. दारासाठी. माझा हात आता कशाला लागायला नको."

तेवढ्यात घार आली. एका हाताने सायकल, दुसऱ्या हातात सुटी दांडी. मागून मामा फडकी, पाने आणि ती डबी घेऊन.

"अण्णा, सीट बसवा."

"मामाला सांग."

"मामा सांगतील. हात तुमचे."

"मी नाही लावणार हात."

"मग मी चालत घरी जाते. आणि लोकांनी विचारलं तर सांगते, माझ्या वडिलांना सीट बसवता येत नाही."

अण्णा उठले. उठणारच होते. मामाने स्पिरिटची बाटली पुढे केली, अण्णांनी नळी आतून पुसली, फडकं पांढरं निघेपर्यंत, आणि ते एकदा पांढरं निघालं तरी आणखी एकदा. मग मामाने डबी धरली. अण्णांनी बोटभर पेस्ट घेतली आणि तोंड वाकडं केलं.

"वाळूच आहे ही. काही म्हणा."

"वाळूच समजा," मामा म्हणाला. "पातळ लावा. हं, एवढीच."

दांडी बसली, बोल्ट आवळला. मामाने लाल पट्टी दिली. अण्णांनी ती वेढली आणि कात्रीने टोक सरळ कापलं. मामाने कापलेलं टोक बघितलं आणि म्हणाला, "हे मात्र मला कधी जमलं नाही."

घार सीटवर बसली. बसल्या जागी दोनदा सगळं वजन टाकून आदळली. तिसऱ्यांदा चिमणीलाही मागून खांदे दाबायला लावले. अण्णांचे डोळे लाल पट्टीवर. पट्टी जिथे होती तिथेच राहिली.

"तुमच्या हाताखालून गेलेली वस्तू रस्त्यात रडत नाही ना?" घार म्हणाली. "मग तुम्ही का रडताय?"

"धूळ गेली," अण्णा म्हणाले. "काका, गाडी झाडता की उडवता?"

"पुढच्या वर्षी तू पुढे राहून वारा काप," चिमणी घारीला म्हणाली. "मी मागे आरामात येते. मला आता जिंकायची सवय झालीये."

"तंगडं मोडीन," घार म्हणाली, आणि निघाली. चिमणी तिच्या मागे.

मीही गाडी सुरू केली. त्या दोघींच्या मागे, सावकाश, सवयीप्रमाणे. अण्णा माझ्या शेजारी बसून लाल पट्टीकडे डोळे लावून होते. रस्ता सपाट होता, घाई कुणालाच नव्हती. उतार लागला तेव्हा घारीने पाय थांबवले, वाकली आणि अशी सुटली की तिची सावली वळणावरच राहिली.

मी गाडी थांबवून दार उघडलं. दाराचा आवाज झाला नाही. सावली मुकाट्याने आत येऊन अण्णांच्या मागे बसली, आणि अण्णांनी ते पाहिलं असूनही आजवर कुणाला सांगितलेलं नाही.